तुम्ही विचारलंत म्हणून: झोपलेल्या मांजराचे श्वास

आमच्या सावरीला दमा आहे हे ऐकल्यावर लोक आधी हळहळतात आणि मग बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: "तिला त्रास होतोय हे तुम्हाला कळतं तरी कसं? मांजर काही बोलून दाखवत नाही." प्रश्न अगदी रास्त आहे, कारण दुखणे लपवण्यात मांजराचा हात कोणी धरणार नाही. माझे उत्तर एवढेच आहे की रोज रात्री ती गाढ झोपली की मी तिचे श्वास मोजते. मात्र एवढ्यावर विचारणाऱ्याचे समाधान होत नाही आणि ते होऊही नये, म्हणून आज सविस्तर लिहिते.

सुरुवातीला मला काहीच कळले नव्हते. सावरी चार वर्षांची असताना अधूनमधून जमिनीलगत दबून बसायची, कोपरे अंगापासून दूर करायची, मान पुढे ताणायची आणि आठ-दहा वेळा कोरडे खोकायची. शेवटी एकदा आवंढा गिळून ती काही झालेच नाही अशा थाटात निघून जायची. मी समजले की पोटातला केसांचा गोळा बाहेर पडत नाही, आणि त्यावरचे औषध आणून तिला चाटवत राहिले. यात तीन महिने गेले आणि त्या तीन महिन्यांची रुखरुख मला अजूनही आहे. गोळा ओकताना मांजराचे पोट जोरजोरात आत-बाहेर होते आणि बहुधा शेवटी काहीतरी बाहेर पडते. खोकताना मान लांब होते, आवाज छातीतून येतो आणि बाहेर काहीच येत नाही. हा फरक मला कोणी आधी सांगितला असता तर बरे झाले असते. म्हणून ज्यांची मांजरे असे काही करतात त्या सर्वांना मी आग्रहाने सांगते की पुढच्या वेळी फोनवर त्याचे चित्रीकरण करा, कारण दवाखान्यातल्या टेबलावर मांजर कधीच खोकून दाखवत नाही.

मग एका रात्री सावरी तोंड उघडे टाकून श्वास घेऊ लागली. कुत्रा अंगातली उष्णता घालवण्यासाठी धापा टाकतो आणि त्यात काही वावगे नसते. मांजर मात्र नाकानेच श्वास घेते, आणि ते बसल्या जागी तोंडाने श्वास घेऊ लागले, किंवा त्याच्या हिरड्या फिकट वा निळसर दिसू लागल्या, तर ती सकाळपर्यंत थांबण्याची वेळ नसते. डॉक्टरांनी तिला आधी प्राणवायूच्या पेटीत ठेवले, एक इंजेक्शन दिले आणि बराच वेळ तिला हातसुद्धा लावला नाही. एक्स-रे अजून का काढत नाहीत, म्हणून मी अस्वस्थ झाले होते. दम लागलेल्या मांजराला त्या अवस्थेत दाबून धरले तर त्या झटापटीतच ते दगावू शकते, हे त्यांनी मला नंतर समजावून सांगितले, आणि त्यांच्या त्या संयमाबद्दल मी कायम कृतज्ञ आहे.

हा दमाच आहे हे ठरायला पुढे काही दिवस लागले, आणि ते लागायलाच हवेत असे माझे ठाम मत आहे. हृदयाचा स्नायू जाड झाला, फुफ्फुसांभोवती पाणी साठले, फुफ्फुसात जंत झाले, तरी मांजराला दम लागतो आणि बाहेरून सगळे जवळपास सारखेच दिसते. शिवाय दम्यासाठी दिलेले स्टेरॉइड लपलेल्या हृदयविकारात घातक ठरू शकते. सावरीच्या एक्स-रेमध्ये श्वासनलिकांच्या जाड झालेल्या भिंती कुठे बारीक कड्यांसारख्या, तर कुठे समांतर रेघांसारख्या दिसत होत्या. तरीही हृदयाची सोनोग्राफी झाल्यावरच उपचार पक्के झाले.

दम्यात श्वासनलिकांचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळले जातात आणि उरलेल्या वाटेत चिकट स्राव साठतो. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडते, म्हणून असे मांजर श्वास सोडताना पोटाने जोर लावते. सूज हे मूळ दुखणे असल्यामुळे मुख्य औषधही सुजेवरचेच असते. सावरीला दिवसातून दोनदा फ्लुटिकासोनचा पंप देतात. त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात, म्हणून तोवर प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या आणि त्या हळूहळू कमी केल्या. अशा गोळ्या आपल्या मनाने एकदम बंद करायच्या नसतात. साल्ब्युटामॉलचा दुसरा पंप फक्त झटका आला तर वापरायचा. त्याने आवळलेले स्नायू सैल होतात, सूज उतरत नाही, त्यामुळे त्याची गरज वारंवार पडू लागली तर तो डॉक्टरांना फोन करण्याचा इशारा समजायचा.

"मांजर पंप कसा घेईल?" असेही लोक विचारतात. मांजरांसाठी लहान मास्क असलेली नळी मिळते. पहिला आठवडा मी पंप जोडलाच नाही. मास्क नुसता जमिनीवर ठेवला आणि तिने तो हुंगला की तिला खाऊ दिला, मग तो क्षणभर नाकाला टेकवला, मग थोडा जास्त वेळ. पंपाच्या फुस्स आवाजाने ती दचकायची, म्हणून आधी औषध नळीत सोडून मग मास्क लावू लागले. सात ते दहा श्वास झाले की काम झाले. तीन आठवड्यांनी ती आपणहून माझ्यासमोर येऊन बसू लागली, तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

आता मोजण्याविषयी. मांजर गाढ झोपेत असावे. नुकते खेळलेले किंवा गुरगुरणारे मांजर मोजून उपयोग नाही, आणि स्वप्नात त्याचे पंजे फडफडत असतील तर थोडे थांबावे. घड्याळ लावून 30 सेकंद बरगड्यांकडे पाहावे आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करावी. निरोगी मांजर झोपेत मिनिटाला साधारण 15 ते 30 श्वास घेते, पण त्याहून मोलाचा असतो तो आपल्या मांजराचा नेहमीचा आकडा. सावरीचा 20 ते 22 आहे. गेल्या वर्षी एका रात्री तो 28 आला, दुसऱ्या रात्री 34. ती जेवत होती, खेळत होती, खिडकीत बसत होती. वहीतला आकडा सोडला तर तिच्यात काहीही बदललेले नव्हते. मी सकाळीच डॉक्टरांकडे गेले, औषधाची मात्रा बदलली आणि प्राणवायूच्या पेटीची वेळ आली नाही. तुमच्या प्रश्नाचे खरे उत्तर हे आहे.

घरातली पथ्ये थोडक्यात सांगते. कोणताही धूर नको, सुगंधी फवारे नकोत, शी-शूच्या पेटीतली वाळू (लिटर) धूळ न उडणारी हवी आणि वजन वाढू द्यायचे नाही, कारण चरबीने छातीला आधीच ओझे होते. आणि माणसांची औषधे मांजराला कधीही द्यायची नाहीत. पॅरासिटामॉलची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. दमा पूर्ण बरा होत नाही, पण आटोक्यात राहतो, आणि सावरी आता नऊ वर्षांची आहे.

मी बाहेरगावी जाते तेव्हा एक मैत्रीण तिच्याजवळ राहते. पहिल्याच रात्री तिचा फोन आला की आकडा 44 आहे, आणि माझे हातपाय गार पडले. मी तिला फोन कानाशी धरूनच पुन्हा मोजायला लावले, तेव्हा उलगडा झाला की ती छाती वर जाण्याचा एक आणि खाली येण्याचा एक असे दोन धरत होती. म्हणजे श्वास 22च होते. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवले आहे: छाती वर जाऊन खाली आली की एक.