तुम्ही विचारलंत म्हणून: फ्रेमसाठी मशीन कुठलं घेऊ?

माझ्या घरच्या भिंतींवर मी हाताने केलेल्या फ्रेमा बघून गेलेला माणूस दोन दिवसांत फोन करतो. "दादा, मलाबी लाकडी फ्रेमा करायच्यात. पहिल्यांदा मशीन कुठलं घेऊ?" विचारणाऱ्यांत कलानिकेतन नाहीतर दळवीज या कोल्हापूरच्या कलाशाळांत शिकणारी पोरं जास्त, शाहू स्मारकच्या कलादालनात प्रदर्शन लावायची स्वप्नं बघणारी. त्यांना माझं उत्तर ठरलेलं आहे: मशीन राहू द्या, आधी चित्र निवडा. विकायचं नाही, घरात ठेवायचं. कोल्हापुरात एखादा तरी फोटो प्रत्येक घरात निघतोच: लंगोटातले आजोबा, खांद्यावर गदा, मागे स्टुडिओचा रंगवलेला पडदा. तो घ्या. जीव असलेल्या चित्रासाठी हात आपोआप सावकाश चालतो.

चित्र ठरलं की पहिलं माप जाडीचं घ्यायचं. काच २ मिमी, माउंट (चित्राभोवती ठेवायची, मधे खिडकी कापलेली पुठ्ठ्याची चौकट) दीड मिमीच्या आसपास, मग चित्र, मागे ३ मिमीचा हार्डबोर्ड. हे सगळं सात मिमीच्या घरात जातं आणि वर बारीक चुका (छोटे खिळे) मारायलाही जागा लागते. म्हणून फ्रेमच्या पट्टीच्या मागची, हे सगळं जिच्यात बसतं ती खाच किमान १० मिमी खोल हवी. ही खाच सुरुवातीला ओळखीच्या सुताराकडून मारून घ्यावी.

माउंट वाचवायला जाऊ नका, हे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो. माउंट शोभेसाठी असतोच, पण त्याचं खरं काम चित्र काचेपासून लांब ठेवायचं. पंचगंगेचे २०१९ आणि २०२१ चे महापूर आपण बघितले. पण पूर कशाला, आपल्याकडच्या पावसाळ्यातली ओलही पुरते. जुन्या फोटोवरचा जिलेटिनचा थर ओलीने मऊ होतो आणि काचेला चिकटतो. मग ओढून काढायला गेलं की आजोबांचा चेहरा काचेवर राहतो. तो परत आणता येत नाही.

लाकूड जुनं, मुरलेलं घ्या. पाडलेल्या घराच्या चौकटीचं सागवान मिळालं तर सोनंच, फक्त आतले खिळे आधी शोधून काढा. भर पावसात आणलेलं ओलं लाकूड लगेच कापू नये. लाकूड वाळताना रुंदीत आटतं, लांबीत जवळपास नाही. त्यामुळे पावसाळ्यात घट्ट बसलेला कोपरा उन्हाळ्यात आतल्या टोकाला उघडतो. तिथे फट दिसली तर कापणाऱ्याला दोष देण्याआधी लाकडाची चौकशी करावी.

आता माप. माउंटसकट फोटोची बाजू १२ इंच, पट्टी दीड इंच रुंद, खाच पाव इंच रुंद असं धरू. फोटोला एक सूत (इंचाचा आठवा भाग) ढिलाई द्यायची, त्यात दोन्हीकडच्या पट्टीचा खाचेबाहेरचा सव्वा-सव्वा इंच मिळवायचा. बाहेरून बाहेर पट्टी आली साडेचौदा इंच एक सूत. हे गणित कागदावर केल्याशिवाय करवत उचलू नये.

कापायला बारीक दात्यांची हातकरवत, लाकडी मायटर बॉक्स (करवत ४५ अंशांत धरणारा खाचांचा साचा) आणि काटकोन तपासायचा गुण्या एवढं पुरतं. चौकटीत काप आठ असतात. प्रत्येकात अर्धा अंश चूक राहिली आणि सगळ्या एकाच बाजूला गेल्या, तर शेवटच्या कोपऱ्यावर चार अंशांची फट उभी राहते. म्हणून काप थोडा मोठा ठेवून शेवटची कसर काचकागदावर काढायची. सपाट फळीवर काचकागद चिकटवा, ४५ अंशांचा ठोकळा बाजूला धरा आणि पट्टीचं टोक त्याला टेकवून हलक्या हाताने पुढे-मागे घासा. दोन-चार फेऱ्यांनी करवतीचे ओरखडे जातात, लाकडाच्या रेषा चमकायला लागतात. मग समोरासमोरच्या दोन पट्ट्या उभ्या करून टोकावर बोट फिरवा. बोटाला पायरी लागली तर लांब पट्टी अजून घासा. कोन केसभर हुकला तर चालवून घेता येतं. जोडीच्या लांबीत फरक राहिला तर चारही कोपरे एका वेळी बसतच नाहीत.

टोकाचं लाकूड फेविकॉल पिऊन टाकतं. आधी पातळ हात द्या, पाच मिनिटं मुरू द्या, मग दुसरा हात देऊन जोडा. भोवती दोरी आवळा आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले की चौकट काटकोनात आहे.

मशीनचा एवढा ध्यास घेणाऱ्यांना मी आपल्याच गावाचं उदाहरण देतो. आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे इथले चित्रकार, मेस्त्री आडनावाचे, नात्याने भाऊ (सख्खे नव्हेत). सिनेमाचा कॅमेरा आपणच बनवायचा म्हणून ते इथे कोल्हापुरात खपले. १९१६ साली आनंदराव गेले, तरी बाबुरावांनी तो पुरा केला. त्या गावात आपण चार पट्ट्या हाताने कापायला का बिचकावं?

राहिलं टांगणं. २ मिमी काचेचं वजन चौरस मीटरला ५ किलो भरतं. १२ बाय १८ इंचांची काच साधारण सातशे ग्रॅम. फिरकीचे हुक बाजूच्या पट्ट्यांत लावा, वरच्या पट्टीत नको. मागची फट कागदी टेपने बंद करा, कागद खाणारी कसर (किडा) आत जात नाही. आणि भिंत ओल धरणारी असेल तर खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे फ्रेमच्या मागे वारा खेळतो.