ताई, मिफा आणि अमळनेरची रात्र

खान्देशात लोक पाटणादेवीला जातात, उनपदेवच्या गरम झऱ्याला जातात. मी गेलो एका व्हिडिओ गेमसाठी. 'हायरूल वॉरियर्स: एज ऑफ कॅलॅमिटी' जोडीनं खेळता येतो, पण ऑनलाइन नाही. दोघं एकाच टीव्हीसमोर बसलेले हवेत. मी मुंबईत आणि माझी मावसबहीण, ताई, अमळनेरजवळच्या गावात, म्हणून स्विच (खेळाचं यंत्र), दोन कंट्रोलर आणि वायर कपड्यांत गुंडाळली आणि खान्देश एक्स्प्रेस पकडली.

मध्ये एक दिवस तोरणमाळ झालं. यशवंत तलाव सुंदर आहे, घाटात गाडी लागली.

खरी मजा घरी होती, आणि घरी खेळायला सवड मिळणं अवघड. खान्देशातला पाहुणचार मला मनापासून आवडतो, पण तो माणसाला एका जागी बसू देत नाही. संध्याकाळी टीव्हीला वायर लावतोय तोवर मावशीची हाक आली, "आधी जेवी ल्या, मंग खेळा!" शेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजलेली होती. लांबट, हिरवी, वरून काळी ठिक्कर. सालं काढून, हिरव्या मिरच्या नि लसूण घालून मावशीनं ती लाकडी बडगीत ठेचली. वर कांद्याची पात आणि शेंगदाणे, सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी. पुण्या-मुंबईत भरीत म्हणून जे वाढतात त्यात हा धुराचा वास कधीच नसतो. शेजारचे काका आले, त्यांची मुलं आली, पंगत उठायला दहा वाजले.

मग खेळ. याच कथेतला पहिला खेळ, 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड', २०१७ मध्ये आला तेव्हा मी तो रात्र रात्र जागून खेळलो होतो. त्यात मिफा, दारुक, रेवाली आणि उर्बोसा हे चारही वीर शंभर वर्षांपूर्वीच मेलेले असतात. भेटतात ते फक्त आठवणींत आणि भुतांच्या रूपात. २०२० चा हा खेळ त्याच शंभर वर्षांपूर्वीच्या युद्धाचा. एकटा योद्धा आणि समोर शेकडो राक्षस, तलवार फिरवत सुटायचं. एकट्यानं खेळलं तर तासाभरात तेच तेच वाटतं, माझा तरी हुरूप ओसरायचा. जोडीनं खेळताना रणभूमी वाटून घेता येते. ताईनं इम्पा ही योद्धा घेतली, मी कथेचा नायक लिंक. पडदा दुभागला. मी एका मोठ्या राक्षसाशी झुंजत होतो आणि पलीकडची चौकी पडत आली होती. ताई ओरडली, "तू तथा जाय, आठे मी शे!" (तू तिकडे जा, इथे मी आहे.) तिची इम्पा स्वतःच्या प्रतिमा उभ्या करून त्या राक्षसावर तुटून पडली. दोघांत खेळताना चित्र अडखळतं, गर्दीत तर फारच. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही.

(ज्यांना गोष्ट आधी कळायला नको त्यांनी इथे थांबावं.)

मिफाच्या लढाईपाशी पोचलो तेव्हा ताईला मी आधीच सांगून टाकलं होतं, ही इथे मरते. वाह रुटा या महाकाय यंत्रपशूवर मिफा एकटी, हातात त्रिशूळ, जखमी, समोर खलनायक गॅननचं पाण्यातलं रूप. आणि वार होणार तेवढ्यात तिचा भाऊ सिडॉन आडवा येतो. तिच्या काळातला चिमुकला सिडॉन नव्हे, भविष्यातून आलेला, तिच्यापेक्षा उंच झालेला. तिला वाचवायला.

ताईनं कंट्रोलर मांडीवर ठेवला. लहानपणी आजोळच्या यात्रेत माझा हात धरून मला गर्दीतून बाहेर काढणारी ही. ती म्हणाली, "धाकला व्हता ना हाऊ?" मी हो म्हटलं. मला पुढे बोलवेना. पहिल्या खेळात सिडॉन बहिणीच्या पुतळ्यापाशी तिच्याबद्दल बोलतो, ते मी एकट्यानं ऐकलं होतं. इथे तीच बहीण जिवंत राहिली आणि माझी ताई शेजारी बसली होती. पुढे खेळायला सिडॉन मिळाला, तो मी घेतला, आणि ताईनं न विचारता मिफा घेतली. मावशी दोनदा दिवा बंद करायला येऊन गेली.

रेवाली आणि उर्बोसाचा भाग राहिलाय. ताईनं बजावलंय, तो मुंबईत एकट्यानं खेळायचा नाही. दिवाळीचं तिकीट काढलंय.