पिकासात केलेलं काम जुन्या कॉम्प्युटरमधून कसं सोडवून घ्यायचं

गुगलने १२ फेब्रुवारी २०१६ ला पिकासा हा फोटो लावून-सुधारून ठेवण्याचा आपला प्रोग्राम बंद करत असल्याचं जाहीर केलं. १५ मार्चपासून डेस्कटॉप प्रोग्रामचा सपोर्ट थांबला आणि १ मेपासून पिकासा वेब अल्बम टप्प्याटप्प्याने बंद झाले. तरी कोकणातल्या जुन्या स्टुडिओंत आणि घराघरांत असे कॉम्प्युटर अजून सापडतात, ज्यांवर शिमग्याची पालखी, रापण, दशावतार आणि वर्षांवर्षांचे गणपती पिकासात नीट लावून ठेवलेले आहेत. विंडोजवर त्याची शेवटची आवृत्ती, ३.९, आजही चालते. मॅकवर मात्र २०१९ च्या कॅटालिनापासून ३२-बिट प्रोग्रामच चालत नाहीत, त्यामुळे तिथे पिकासा उघडतच नाही.

फोटो वाचवणं सोपं आहे. अवघड आहे ती त्यांवरची मेहनत वाचवणं: कातरणी, उजेडाची दुरुस्ती, पिवळे तारे, आणि सगळ्यात मोलाची म्हणजे चेहऱ्यांना दिलेली नावं. पिकासा मूळ फोटोला हात लावत नाही. तुम्ही फोटो कातरलात की त्या कातरणीची नोंद फक्त त्याच फोल्डरमधल्या एका लपलेल्या फाईलमध्ये होते. तिचं नाव टिंबाने सुरू होतं: ‘.पिकासा.आयएनआय’. नोटपॅडमध्ये उघडली तर प्रत्येक फोटोच्या नावाखाली तारा, फिल्टर, चेहरे अशा ओळी दिसतात. म्हणूनच पिकासात सुंदर दिसणारा फोटो दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडला की जुनाच, न कातरलेला दिसतो.

नुकसान इथेच होतं. फोल्डर उघडून, कंट्रोल-ए दाबून फोटो पेनड्राइव्हवर टाकले तर लपलेली फाईल मागेच राहते, कारण जे दिसतं तेच निवडलं जातं. त्यासाठी फोल्डर बाहेरून धरून अख्खा कॉपी करायचा. फोटो एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवायचे असतील तर विंडोज एक्सप्लोररमधून नको, पिकासातूनच हलवा, म्हणजे नोंदीही सोबत जातात. आणि जागा वाचवायला ‘.पिकासाओरिजिनल्स’ नावाचा लपलेला फोल्डर पुसू नका. पिकासात ‘सेव्ह’ केल्यावर मूळ फोटो तिथे ठेवला जातो. तो गेला की मागे फिरायची वाट बंद.

तेव्हा पहिलं काम हे. फोटोंचे सगळे फोल्डर जसेच्या तसे बाहेरच्या डिस्कवर घ्या. मग यूजरच्या ‘ॲपडेटा’मधल्या ‘लोकल’, त्यातल्या ‘गुगल’ फोल्डरमधून ‘पिकासा२’ आणि ‘पिकासा२अल्बम्स’ हे दोन्ही फोल्डर घ्या. पहिल्यात चेहऱ्यांच्या नावांची यादी असलेली ‘कॉन्टॅक्ट्स.एक्सएमएल’ असते, दुसऱ्यात अल्बम. ही डिस्क काढून बाजूला ठेवा आणि पुढचं सगळं काम होईपर्यंत तिला हात लावू नका.

चेहऱ्यांचं काम सर्वांत आधी हाती घ्या, कारण ते पुन्हा करता येत नाही. पिकासाच्या ‘टूल्स’मध्ये ‘ऑप्शन्स’, त्यात ‘नेम टॅग्स’, तिथे नावं फोटोतच साठवण्याचा पर्याय चालू करा. हा पर्याय यापुढच्या नावांसाठी आहे. आधीच्या नावांसाठी ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्पेरिमेंटल’खाली ‘राईट फेसेस टू एक्सएमपी’ हा आदेश आहे (एक्सएमपी म्हणजे फोटोच्या फाईलमध्येच माहिती लिहून ठेवायची पद्धत). तो नावं आणि चेहऱ्याची चौकट जेपेग फाईलच्या आत लिहितो. आधी एका छोट्या फोल्डरवर करा, दोन-तीन फोटो दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून नावं दिसतात का पाहा, मगच बाकीचे घ्या. इथे फाईल प्रत्यक्ष बदलते, म्हणून यूपीएसशिवाय हे काम नको. पावसाळ्यात तर नकोच: लिहिता लिहिता लाईट गेली तर अर्धवट लिहिलेली फाईल उघडेलच असं नाही.

एक्सएमपीत पिकासाने व्यक्तीला दिलेला ओळख-क्रमांक, म्हणजे आयडी, जात नाही, फक्त नाव अक्षरांत जातं. भावकीत दोन दत्ताराम असतील तर पुढच्या प्रोग्राममध्ये ते एकच माणूस होतात. लिहिण्याआधी पिकासातच नावं वेगळी करा. घराचं नाव, वाडी किंवा बापाचं नाव जोडा. नाव न दिलेले चेहरे ‘अननेम्ड’खाली साचलेले असतात. ते ओळखायला गणपतीचे दिवस उत्तम. चाकरमानी घरी आलेले असतात, म्हातारी माणसं शेजारी बसलेली असतात. जुन्या लग्नातल्या चौथ्या रांगेतली बाई कोण, हे तेव्हाच कळतं.

पिकासा चालेनासंच झालं असेल तरी आयएनआय फाईलमधून चौकटी काढता येतात. चेहऱ्यांच्या ओळीत ‘रेक्ट६४’नंतरच्या कंसात सोळा हेक्स अंक (० ते ९ आणि ए ते एफ) असतात. त्यांचे चार-चारचे चार गट करा. क्रमाने डावी, वरची, उजवी आणि खालची कड. प्रत्येक गट दशमान करून ६५५३५ ने भागला की फोटोच्या रुंदी-उंचीतलं प्रमाण मिळतं. चेहरा अगदी डाव्या कडेला असेल तर पुढची शून्यं गाळलेली असतात आणि अंक सोळापेक्षा कमी भरतात. आधी डावीकडे शून्यं भरून घ्या, नाहीतर चौकट भलतीकडेच जाते. कंसानंतर आयडीच्या जागी सोळा वेळा ‘एफ’ असेल तर त्या चेहऱ्याला नाव दिलेलंच नाही.

तारे फोटोत लिहिले जात नाहीत. त्यावर उपाय: फक्त तारांकित फोटो दाखवणारं बटण दाबा, सगळे निवडा, कंट्रोल-टी दाबून एक ठरावीक टॅग द्या. जेपेगमध्ये टॅग फाईलच्या आत बसतो आणि पुढच्या प्रोग्रामला दिसतो. अल्बमसाठीही हेच, अल्बमचं नावच टॅग म्हणून द्या.

कातरलेल्या, उजळलेल्या फोटोंवर सरसकट ‘सेव्ह’ मारू नये असं माझं ठाम मत आहे. ते ‘एक्सपोर्ट’ने वेगळ्या फोल्डरमध्ये काढा, आकार मूळ ठेवा, क्वालिटी ‘ऑटोमॅटिक’. जागा जास्त लागते, पण मूळ फोटो कोरे राहतात.

पुढे नांदायला डिजिकॅम हे फोटो लावून ठेवण्याचं सॉफ्टवेअर चांगलं. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हीवर चालतं आणि एक्सएमपीतली नावं चौकटीसकट वाचतं. पिकासाइतकं ते चपळ वाटत नाही, पहिल्या स्कॅनला वेळ लागतो. रात्रभर चालू द्या. त्याचा डेटाबेस कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कवरच ठेवा. नवीन आयफोनचे एचईआयसी फोटो पिकासाला कळत नाहीत, म्हणून कधीतरी हा बदल करावा लागणारच.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेत यूएसबीची टोकं कळकतात, बंद कपाटात बुरशी धरते. डिस्क घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा. पुड्या पावसाळ्यात बदला. आणि दुसरी प्रत त्याच घरात ठेवू नका. २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी भरलं, तेव्हा तळमजल्यावरचा कॉम्प्युटर आणि त्याच टेबलाच्या खणातली डिस्क एकाच वेळी बुडण्याची वेळ होती. दुसरी डिस्क मुंबई-पुण्याच्या नातेवाइकाकडे पाठवा. तिच्यावर कॉपी केल्याची तारीख लिहा आणि आत लपलेल्या फाईलींसह पूर्ण फोल्डर आहेत, हेही लिहा.