संध्याकाळचे साडेसात

माझ्या थोरल्या भावाची, आमच्या दादाची, दारू बंद होऊन येत्या श्रावणात सहा वर्षे होतील. त्याच्या परवानगीनेच हे लिहीत आहे. त्याचे नाव आणि आमचे गाव मात्र सांगत नाही, कारण ज्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसने, म्हणजे ज्याला सगळे नुसते 'एए' म्हणतात त्या, दारू सोडू पाहणाऱ्यांच्या समूहाने, त्याला सावरले, तिथे सभासदाची ओळख बाहेर न सांगण्याचा संकेत फार जपला जातो.

दादाला दोनदा दाखल करावे लागले. पहिल्या वेळी गोळ्या आणि फाइल हातात देऊन त्याला घरी पाठवले गेले. उद्यापासून संध्याकाळी कुठे जायचे, हे कोणीच सांगितले नाही. दिवसभर तो शहाण्यासारखा वागे, पण दिवेलागण झाली की त्याची चुळबुळ सुरू होई, चप्पल घालून तो अंगणात उभा राही आणि वहिनी स्वयंपाकघरातून त्याच्या पावलांकडे कान लावून असे. एकोणिसाव्या दिवशी ती पावले फाटकाबाहेर गेली. दुसऱ्या खेपेस निघताना समुपदेशक बाईंनी एकच प्रश्न विचारला: "घरापासून जवळची मीटिंग कुठे भरते?" जवळची म्हणजे चाळीस किलोमीटरवर होती. दादा आठवड्यातून दोनदा एसटीने जाऊ लागला आणि वर्षभराने त्याने आणखी दोघांबरोबर आमच्याच गावातल्या शाळेत मीटिंग सुरू केली. वेळ मुद्दाम साडेसातची ठेवली, कारण एके काळी याच वेळी तिघेही गुत्त्यात बसलेले असत.

मीटिंग खुली असेल त्या दिवशी घरच्यांनाही बसता येते. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फळ्यावर सतराचा पाढा तसाच होता आणि चौथीच्या बुटक्या बाकांवर मोठी माणसे गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. एकेक जण उठून नाव सांगतो, 'मी मद्यपी आहे' म्हणतो आणि स्वतःचे बोलतो. मध्ये कोणी उपदेश करत नाही. इतरांचे ऐकलेले मी इथे लिहिणार नाही, पण दादाचे लिहायला त्यानेच सांगितले आहे. वडिलांच्या तेराव्याला, पंगत बसलेली असताना, त्याने धान्याच्या कणगीमागे क्वार्टर लपवली होती आणि दर वाढपानंतर तो आत जाऊन येत होता. त्या दिवशी वाढायला मीही होतो, तरी मला हे त्या वर्गात पहिल्यांदा कळले. माझा गळा दाटून आला. समोरच्या दोघांनी मात्र शांतपणे मान हलवली, जणू त्यांच्याही घरात अशी एक कणगी होती. ती मान हलवणे मला, वहिनीला किंवा डॉक्टरांना कधीच जमले नसते, आणि दादाला त्याचीच गरज होती.

ही चळवळ सुरू झाली तीही अशाच गरजेतून. 1935 च्या मे महिन्यात अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी बिल विल्सन हा दारू सोडलेला गृहस्थ हॉटेलच्या बाहेरच्या दालनात एकटा उभा होता, जवळच्या बारमधला गलबला त्याच्या कानावर येत होता, आणि आत जाण्याऐवजी त्याने फोन करकरून दुसरा दारुडा शोधला. तो म्हणजे डॉक्टर बॉब स्मिथ. बिलला त्या दिवशी स्वतःलाच वाचवायचे होते.

शाळेतल्या मीटिंगला फी नाही. चहा-साखरेसाठी एक स्टीलचा डबा फिरतो. मी त्यात शंभराची नोट टाकू लागलो, तर शेजारच्या काकांनी हळूच माझा हात धरला, कारण बाहेरच्यांचे पैसे एए घेत नाही. अशा साध्या व्यवस्थेचा खरोखर उपयोग होतो का, ही शंका मलाही होती. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 27 अभ्यास आणि 10,565 माणसे विचारात घेतली होती. दारूपासून सतत दूर राहण्याच्या बाबतीत एए आणि त्या वाटेवर आणणारे पद्धतशीर उपचार इतर प्रस्थापित उपचारांपेक्षा सरस ठरले. तरीही एक गोष्ट कळकळीने सांगतो: रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. म्हणून आधी डॉक्टर, आणि मग आयुष्यभर मीटिंग.

मद्यपींच्या घरच्यांसाठी अल-अनॉन हा असाच समूह आहे, पुण्याच्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्राने पत्नींसाठी चालवलेला 'सहचरी' गट आहे. वहिनीला असे काही जवळपास मिळाले नाही आणि त्याची किंमत तिच्या झोपेने मोजली. त्याबद्दल स्वतंत्रपणे लिहीन.

गेल्या पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली गेला होता, त्या संध्याकाळी मी दादाला घ्यायला शाळेत गेलो. तो एकटाच किटली घेऊन बसला होता. आठ वाजून गेले तरी कोणी आले नाही, म्हणून मी निघू या म्हटले, तो म्हणाला, "साडेनऊपर्यंत मीटिंग आहे." थोड्या वेळाने दारात एक पोरगेलासा माणूस येऊन थबकला, नखशिखांत भिजलेला, तोंडाला वास येत असलेला. दारू सोडायची इच्छा एवढीच इथली अट असते. दादाने पुढचा बाक सरकवला, कपात चहा ओतला आणि स्वतःचे नाव सांगितले.