नखं अजून निळीच आहेत

जपानमधल्या तोकुशिमाजवळच्या आइझुमी गावात आज स्वतःच्या हाताने रुमाल रंगवला. आपल्याकडे नीळ म्हटली की पांढऱ्या शर्टांना घालायची पुडी आठवते. इथली नीळ मात्र जिवंत असते, चक्क खाते-पिते! नीळीची वाळलेली पानं भिजवायची, ढीग उलटापालटा करत साधारण शंभर दिवस कुजवायची. तो झाला 'सुकुमो'. मग रांजणात राखेची निवळी, गव्हाचा कोंडा, चुना आणि वर थोडी साके, म्हणजे तांदळाची जपानी दारू. वास? गोठा अधिक शिळी कांजी. दारातच नाक मुरडलं, तर रंगारी आजी खुदकन हसल्या.

पहिल्या बुडीला रुमाल वर आला तो शेवाळी हिरवा. मला वाटलं, बिघडवला. आजींनी नुसतं 'थांब' अशी खूण केली. घड्यांच्या कडांपासून निळा आत सरकत गेला, हवा लागेल तसा. परत बुडव, परत पिळ. एकाच बुडीच्या अगदी फिक्या छटेला इथे 'कामेनोझोकी' म्हणतात, म्हणजे रांजणात नुसतं डोकावलेलं. काय नाव आहे!

निळीने कापड रंगवणाऱ्या जपानी कलाकार फुकुमोतो शिहोको (जन्म १९४५) यांच्या कामाचे फोटो बघून मी इथवर आले. गडद निळ्यातून पांढऱ्याकडे विरत जाणारं त्यांचं कापड मला फोटोत सोपं वाटलं होतं. माझ्या चार बुड्यांत डाग पडले सात.

हातमोजा फाटका निघाला, तो तपासायचा राहिला. रुमाल बाल्कनीत वाळतोय, आणि डाळ-भात मी चमच्याने खाल्ला.