दोन प्रती, एकच तळघर

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात अवघ्या काही तासांत शंभर मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहू लागला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी शिरले. मी तेव्हा ज्या कार्यालयाचा संगणक विभाग सांभाळत होतो, त्याचे सर्व्हर तळघरात होते. पाणी यूपीएसच्या खाली चार बोटांवर येऊन थांबले, म्हणून आम्ही वाचलो. आमच्या नियोजनाचा त्यात काडीचाही वाटा नव्हता. आपत्तीनंतरच्या पुनर्स्थापनेची जी फाईल आम्ही मोठ्या अभिमानाने ठेवली होती, तिच्यात प्रत्येक व्हर्च्युअल सर्व्हरच्या (एका खऱ्या यंत्रावर सॉफ्टवेअरने चालवलेल्या सर्व्हरच्या) दोन प्रती असल्याची नोंद होती, आणि ती खरीही होती. फक्त दुसरी प्रत ज्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या साठवण-यंत्रावर) होती, ते त्याच रॅकमध्ये वरच्या खणात बसवलेले होते.

व्हर्च्युअल सर्व्हर म्हणजे शेवटी काही फायलींचाच संच असल्यामुळे त्याची प्रत काढणे सोपे असते, आणि या सोपेपणामुळेच माणूस गाफील राहतो. आमच्याकडे स्नॅपशॉटलाच (सर्व्हरच्या त्या क्षणीच्या स्थितीच्या नोंदीलाच) बॅकअप समजण्याची पद्धत पडली होती. वास्तविक स्नॅपशॉट घेतल्यावर मूळ डिस्क गोठवली जाते आणि पुढचे बदल वेगळ्या फाईलमध्ये लिहिले जातात. मूळ डिस्कच गेली तर त्या फाईलचा काहीही उपयोग नसतो. रेप्लिकेशनचेही, म्हणजे झालेले बदल दुसऱ्या यंत्रावर पाठवत राहण्याचेही, असेच आहे. हायपर-व्ही या मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल सर्व्हर चालवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ३० सेकंद, ५ मिनिटे किंवा १५ मिनिटांच्या अंतराने दुसऱ्या होस्टवर (व्हर्च्युअल सर्व्हर ज्यावर चालतात त्या खऱ्या यंत्रावर) बदल पाठवता येतात, परंतु डेटाबेसमधला चुकून पुसलेला तक्ताही तितक्याच तत्परतेने तिकडे पुसला जातो. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्ज या रॅन्समवेअरने (फायली अडकवून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमने) व्हीएमवेअर या तशाच सॉफ्टवेअरच्या होस्टवरील मशीनच्या फायली कुलूपबंद केल्या, तेव्हा ज्या त्रुटीतून ते शिरल्याचे सांगितले गेले तिची दुरुस्ती दोन वर्षांपूर्वीच उपलब्ध झालेली होती. म्हणून आता आमची एक प्रत अशा जागी असते, जिथे होस्टच्या अ‍ॅडमिनचा पासवर्ड चालतच नाही.

दुसरी जागा नदीपासून दूर, वर्धा रोडच्या बाजूला मिळाली आणि तिसरी प्रत पुण्यातील डेटा सेंटरमध्ये ठेवली. येथवर सगळे खुशीत होते. मग मी हिशेब मांडला: दोन टेराबाइटचा डेटा १०० एमबीपीएसच्या लाइनवरून परत आणायचा, तर लाइन पूर्ण वेगाने चालली तरी सुमारे ४४ तास लागतात. फाईलमध्ये मात्र ‘चार तास’ असे लिहिले होते. हा आकडा कोणी आणि कशावरून घातला, हे विचारल्यावर सगळे एकमेकांकडे पाहू लागले. (बहुधा मीच घातला असावा.) त्यानंतर लेखा विभागात बसून, किती वेळाची नोंद पुन्हा हाताने करणे त्यांना जमेल आणि किती वेळ काम बंद ठेवणे परवडेल, हे दोन वेगळे प्रश्न प्रत्येक सर्व्हरसाठी विचारले. सगळेच सर्व्हर तातडीचे नसतात, हे त्यांनीच सांगितले. जुन्या फायलींचा सर्व्हर आठवडाभर नसला तरी कोणाचे काही अडत नव्हते. तातडीच्या तीन मशीनची ताजी प्रत मग वर्धा रोडवरच, लगेच चालू करता येईल अशा स्थितीत ठेवली.

पहिल्या चाचणीची फजिती मात्र सविस्तर सांगण्यासारखी आहे. आम्ही हिशेबाचे सॉफ्टवेअर असलेले मशीन आधी चालू केले. ते डेटाबेस शोधू लागले, डेटाबेसला डोमेन कंट्रोलर (कोणाला आत येऊ द्यायचे हे तपासणारा सर्व्हर) हवा होता, आणि तो यादीत अकराव्या क्रमांकावर होता. बॅकअपचे सॉफ्टवेअर स्वतःच एका व्हर्च्युअल मशीनवर होते, म्हणजे ते परत आणण्यासाठी तेच लागणार होते. सर्व पासवर्ड ज्या मशीनवर जपून ठेवले होते, ते मशीनही बंद सर्व्हरपैकीच एक होते. आता चालू करण्याचा क्रम आणि अत्यावश्यक पासवर्ड कागदावर लिहून एका बंद पाकिटात कार्यालयाबाहेर ठेवले आहेत.

पुढची चाचणी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आहे. त्या दिवशी स्थानिक सुटी असते, मारबतीच्या मिरवणुकीमुळे महाल-इतवारीचे रस्ते माणसांनी फुललेले असतात आणि लेखा विभागातून फोन येण्याची शक्यता जवळजवळ नसते. या खेपेस ते पाकीट मी उघडणार नाही. गेल्याच महिन्यात रुजू झालेल्या सहकाऱ्याच्या हाती देऊन मी गप्प बसणार आहे.