आठ फुल अ‍ॅडर जोडले की झालं ना?

“फुल अ‍ॅडर जमला. तसेच आठ ओळीने जोडले की आठ बिटची बेरीज होते. मग कॅरी लूकअहेडची कटकट कशाला?” तुम्ही विचारलंत म्हणून, आणि दर बॅच हेच विचारते म्हणून, एकदा नीट सांगते. फुल अ‍ॅडर म्हणजे दोन बिट आणि आधीचा हातचा यांची बेरीज करणारं सर्किट. कॅरी म्हणजे हातचा, आणि कॅरी लूकअहेड म्हणजे तो वाट न पाहता आधीच काढण्याची पद्धत.

बेरीज होते, यात वाद नाही. ट्रेनर किटवर स्विच दाबून एलईडी पाहिलात तर उत्तर बरोबरच दिसेल. डोळ्यांना नॅनोसेकंद दिसत नाहीत, म्हणून एकच बेरीज कागदावर वेळेसकट मांडा. बेरीज करायच्या दोन संख्या ए आणि बी. ए आहे ११११११११, म्हणजे २५५. बी शून्य होता, आता १ झाला. ७४८६ (एक्सॉर), ७४०८ (अँड) आणि ७४३२ (ऑर) हे गेटचे आयसी वापरलेत. हिशेबासाठी दर गेटला १० नॅनोसेकंद धरा.

२० नॅनोसेकंदांनी सर्वांत उजवीकडचा बिट शून्य होतो आणि पहिला हातचाही तयार होतो. तो पुढच्या प्रत्येक बिटाला एक अँड आणि एक ऑर ओलांडून जातो, म्हणजे दर बिटाला आणखी २०. आउटपुटवर काय दिसतं? २० ला २५४, ३० ला २५२, ५० ला २४८, ७० ला २४०, ९० ला २२४, ११० ला १९२, १३० ला १२८, १५० ला शून्य. अखेरचा हातचा बाहेर पडतो १६० ला. आता उत्तर साठवणाऱ्या पुढच्या रजिस्टरचं क्लॉक १० मेगाहर्ट्झ असेल, तर ते १०० नॅनोसेकंदांनी उचलणार २२४. २५५ अधिक १ बरोबर २२४! वायर सुटलेली नाही, आयसी जळलेला नाही, ट्रुथ टेबलच्या आठही ओळी बरोबर आहेत. त्याच क्लॉकवर १०० अधिक २७ मात्र अचूक येते, कारण त्या बेरजेत हातचा एकदाही येत नाही. मग लोक आयसी बदलतात, सप्लाय तपासतात, आणि दोष सापडत नाही.

लूकअहेड हातच्याची वाट पाहत नाही. प्रत्येक बिटाचे जी (ए अँड बी) आणि पी (ए एक्सॉर बी) एकदम काढतो आणि चौथा हातचा थेट त्यांच्यातून बनवतो: सुमारे ३० नॅनोसेकंद. पण त्यासाठी पाच इनपुटचा अँड लागतो. आठ बिटांना नऊ इनपुटचा लागेल. म्हणून चार-चारचे गट. ७४८३ए हा चार बिटांच्या बेरजेचा आयसी आतून असाच आहे. दोन जोडताना पहिल्याची १४ नंबरची पिन दुसऱ्याच्या १३ ला द्या, आणि पहिल्याची १३ ग्राउंड करा. मोकळी ठेवलीत तर टीटीएल (७४ मालिकेतले हे आयसी) ती १ धरतं आणि उत्तर एकने जास्त येतं. सप्लाय ५ वर, ग्राउंड १२ वर; सवयीने १६ आणि ८ ला लावू नका. दोन आयसींमध्ये हातचा तरीही रांगेतूनच जातो. ते टाळायचं तर ७४१८१ (चार-चार बिटांची गणितं करणारे आयसी) आणि त्यांच्या जोडीला ७४१८२ (त्यांच्यातले हातचे आधीच काढणारा आयसी).

आता तुमची बाजू. एफपीजीएमध्ये (आतलं सर्किट आपण ठरवू शकतो अशा चिपमध्ये) हातच्यासाठी वेगळी वेगवान वाट बनवलेलीच असते. व्हेरिलॉग या सर्किट लिहिण्याच्या भाषेत साधं अधिक चिन्ह लिहिलंत तर टूल त्याच वाटेवर ओळीने अ‍ॅडर मांडतं, आणि १६ किंवा ३२ बिटांना ते हाताने लिहिलेल्या लूकअहेडपेक्षा बहुधा सरस ठरतं. तिथे तुमचं म्हणणं मला खोडता येत नाही. किती बिटांपुढे ते टिकणार नाही, हे चिपगणिक बदलतं. टायमिंग रिपोर्टमधला सर्वांत लांब मार्ग हातच्याचा निघाला, तर पुन्हा विचारायला या.